बेळगावला पार्सल पाठवायचं नाही का?

आमच्या कल्याण-डोंबिवली पट्ट्यात सध्या जवळपास प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ताई काहीतरी विकत असते. डीमार्टच्या ऑफरमधले डबे, उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधले ड्रेस, सेलमधल्या चादरी. फोटो, खाली किंमत, आणि "हवं असेल तर पर्सनलवर मेसेज करा". त्यावर काही काका हमखास टोमणा मारतात, "आम्हीपण जातो की डीमार्टला!"

जा ना मग. पण स्वस्त कुठे मिळतं ते शोधायचं, रांगेत उभं राहायचं, पिशव्या उचलून आणायच्या आणि ज्याला तिथे जाणं जमत नाही त्याच्या दारात वस्तू पोचवायची, याला व्यापारच म्हणतात. दुकानदाराने केलं की धंदा आणि बाईने केलं की उद्योग नाहीत, हे मला पटत नाही.

मात्र मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. "घरबसल्या महिन्याला पन्नास हजार" वाले व्हिडिओ बघून यात उतरू नका. त्यातले बरेचसे अमेरिकन व्हिडिओंची नक्कल असतात. तिकडे वस्तूवर कायद्याने बांधलेली एमआरपी नसते, त्यामुळे क्लिअरन्समधली वस्तू ऑनलाइन दुप्पट भावाने विकता येते. आपल्याकडे २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे. म्हणजे तुमच्या नफ्याची कमाल मर्यादा डब्यावर आधीच छापलेली आहे.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. स्टीलचा डबा, एमआरपी ५९९. सेलमध्ये ३२९ ला मिळाला, तुम्ही ४४९ ला विकला. सुटले १२०. शेजारच्या बिल्डिंगमध्ये दिला तर जवळजवळ सगळे तुमचेच. पण कुरिअर केलं तर ७० रुपये त्याचे, १५ रुपये खोका आणि टेपचे. उरले ३५. आता कॅश ऑन डिलिव्हरीने पाच डबे पाठवले आणि एक परत आला असं धरा. चार डब्यांचे मिळाले १४०. परत आलेल्याचा जायचा-यायचा खर्च १४० आणि पॅकिंगचे १५, मिळून १५५. पाच डबे विकायला निघालात आणि खिशातले १५ रुपये गेले! तुमचा वेळ आणि रिक्षाभाडं तर धरलंच नाही.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. आधी जवळच्या जवळ विका. लांब पाठवायचं तर पैसे आधी घ्या आणि कुरिअरचा खर्च वेगळा सांगा. खाण्याच्या वस्तू विकायच्या तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, आणि तारीख संपत आलेला माल गळ्यात मारू नका. "फर्स्ट कॉपी"च्या नादी तर लागूच नका, तो बनावट मालच असतो आणि त्यासाठी पोलीस दारात येऊ शकतात. आणि ऑफरचा सगळा रॅक एकटीने उचलून आणू नका. मागे उभ्या असलेल्या बाईलाही तो डबा घरात वापरायलाच हवा असतो.

हे झालं आपलं. आता सरकारचं बघू, कारण मला खरा राग तिथे आहे.

महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांनाही ही सवलत मिळाली. फक्त पॅन देऊन पोर्टलवर नाव नोंदवायचं. पण अट अशी की माल राज्यातल्या राज्यातच विकायचा. करपात्र माल राज्याबाहेर गेला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. मग तो प्लॅटफॉर्मवरून जावो नाहीतर व्हॉट्सअॅपवरून.

म्हणजे डोंबिवलीच्या ताईने राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीला चादर पाठवली तर ठीक. बेळगावच्या मावसबहिणीच्या शेजारणीला किंवा पणजीच्या मैत्रिणीला तीच चादर विकली तर आधी जीएसटी नंबर काढा. जागेचा पुरावा द्या. विवरणपत्रं भरा, विक्री शून्य असली तरी भरा. उशीर झाला तर शून्याच्या विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये दंड. वर दाखवला त्या हिशेबात हे बसतं का? मराठी माणसाचे नातेवाईक बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद असे पसरलेत. आपली गिऱ्हाइकं नात्यागोत्यातूनच मिळतात, आणि नातीगोती काही राज्याची हद्द बघून होत नाहीत.

गंमत म्हणजे सेवा देणाऱ्यांसाठी ही अट ऑक्टोबर २०१७ मध्येच सैल झाली. मुंबईत बसून बंगळुरूच्या कंपनीचं डिझाइन करणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंनाही सूट आहे. मग चादर विकणाऱ्या बाईनेच काय घोडं मारलंय?

सरकार म्हणेल, मालाच्या नावाखाली करचोरी होते. होत असेलही. पण पॅनवर नाव नोंदवण्याची व्यवस्था तयार आहे, ती राज्याबाहेरच्या विक्रीलाही लागू करा. हवं तर मर्यादा कमी ठेवा, वर्षाला दहा लाख म्हणा. कोण विकतंय, किती विकतंय ते सरकारला दिसेल आणि छोट्या विक्रेतीच्या मागे कागदांचा ससेमिराही लागणार नाही. शिवाय या बायका माल दुकानातून घेतात तेव्हाच जीएसटी भरून आणतात, फुकट नाही.

जीएसटी परिषदेत आपल्या राज्याचा मंत्री बसतो. व्यासपीठावरून "महिला उद्योजक" म्हणून गौरव करणाऱ्या आपल्या आमदार-खासदारांनी तिथे हा एक मुद्दा मांडायला लावावा. पुढच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला साहेब आले की वाण घेता घेता एवढंच विचारा, "साहेब, आमचं पार्सल बेळगावला कधी जाणार?"