स्लीपिंग बेअरला निघताय? दोन रात्री काढा

उन्हाळा लागला की शिकागो आणि आसपासच्या मराठी घरांत मिशिगनमधल्या स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांचा विषय निघतोच. मुलांना सुट्टी असते, भारतातून आई-बाबा आलेले असतात, फोन म्हणतो पाच-सव्वापाच तास. मग कुणीतरी ठरवून टाकतं, "पहाटे निघू, रात्री परत येऊ." कृपा करून असं करू नका.

एका बाजूचं अंतर 300 मैलांच्या वर आहे. गॅरीजवळची ट्रकांची गर्दी, दोन वेळचा चहा आणि दर दीड तासाला पाय मोकळे करायला उतरणारे आजोबा धरले, तर सात तास सहज जातात. त्यात मिशिगनचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे. सकाळी 6 ला निघालात तर तिथे दुपारचे 2 वाजलेले असतात. परतीच्या अंधारात रस्त्यावर हरणं आडवी येतात, ते वेगळंच.

म्हणून दोन रात्री काढा. टेकड्यांजवळची एम्पायर आणि ग्लेन आर्बर ही छोटी गावं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी ऐनवेळी खोली मिळेल या भरवशावर राहू नका. ट्रॅव्हर्स सिटी मोठं आहे, पण जुलैच्या सुरुवातीला तिथे चेरी महोत्सव असतो. मला विचाराल तर लेबर डे उलटल्यावर जा. गर्दी ओसरलेली असते आणि पाण्यात उतरवतं. शाकाहारी असाल तर ग्रँड रॅपिड्सच्या पुढे हॉटेलांवर विसंबू नका. दशम्या, कोरडी चटणी, लाडू डब्यात असू द्या. प्रवेशाचे गाडीमागे 25 डॉलर पडतात, ते सात दिवस चालतात.

डून क्लाइम्ब ही चढायची टेकडी. धापा टाकत वर पोचलात की तलाव दिसेल असं वाटतं, पण समोर पुढची टेकडी असते. लेक मिशिगनपर्यंत जाऊन यायचं तर साडेतीन मैल, सगळे वाळूतून, सावलीचं नाव नाही. तीन-चार तास धरा. ज्यांना झेपणार नाही त्यांनी पहिल्या चढावरूनच मागे वळून ग्लेन लेक पाहावा, तेवढ्यानेही येणं वसूल होतं. भर दुपारी वाळू तापते, म्हणून सकाळीच जा. मोजे घाला, माणशी पाण्याची बाटली घ्या. गुडघेदुखीवाल्यांसाठी 7.4 मैलांचा पिअर्स स्टॉकिंग रस्ता आहे. गाडीतूनच बरंच काही दिसतं.

याच रस्त्यावर नवव्या थांब्याशी कडा आहे, तलावापासून 450 फूट उंच. खाली निळंशार पाणी, आणि तरुण मुलं ओरडत उतरत असतात. उतरायला काही मिनिटं लागतात. वर येताना मात्र एक पाऊल टाकावं तर वाळू अर्धं मागे नेते. भल्याभल्यांना दोन-दोन तास हातापायांवर रांगावं लागतं. तिथे इशाऱ्याचा फलक आहे, तो वाचा. सुटकेला पथक बोलवावं लागलं तर खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. पाहुणं पोरगं "मी आत्ता जाऊन येतो" म्हणालं, तर हाताला धरून थांबवा. भिडेखातर गप्प बसू नका.

पोहायचंच असेल तर लहानांना प्लॅट नदीच्या मुखाशी न्या, तिथे पाणी उथळ आणि उबदार असतं. मोठा तलाव समुद्रासारखाच ओढतो. वाऱ्याच्या दिवशी काठावरूनच बघा.

आणि हाताशी एकच दिवस असेल तर हट्ट सोडा. शिकागोपासून तासाभरावर इंडियाना ड्यून्स आहे. तलाव तोच, वाळू तीच, 2019 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि साऊथ शोअरची रेल्वेही तिथे जाते.