बुटाच्या तळाची जाडी आणि पायाचा तोल

दिवाळीनंतर गोंदियात थंडी उतरली, की पहाटे धावणाऱ्यांची व झपझप चालणाऱ्यांची संख्या वाढू लागते. मधुमेह, रक्तदाब आणि दिवसभराची गादीवरची बैठक यांमुळे आपल्या व्यापारी कुटुंबांतील ज्येष्ठही आता घराबाहेर पडत आहेत, ही समाधानाची बाब आहे. त्यांच्यासाठी बूट घ्यायला मुले-सुना मोठ्या आस्थेने जातात आणि बहुधा दुकानातील सर्वांत जाड व मऊ तळाचा जोड घेऊन येतात. तळ जितका जाड, तितका गुडघ्यांना आराम, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब एकदा ताडून पाहिला पाहिजे.

1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. 2019 मध्ये व्हिएन्ना येथे केनियाच्या एलियुड किपचोगेने तेच अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत पार केले, तेव्हा त्याच्या पायांत जाड फेसाचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट होते. पुढच्याच वर्षी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी 40 मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली. मात्र तो जाड फेस गतीसाठी होता. दाबला गेलेला फेस पुन्हा उसळताना धावपटूची शक्ती त्याला काही अंशी परत देतो. त्यावरून तो गुडघ्यांचे रक्षण करतो, असे सिद्ध होत नाही.

जाडी आणि मऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत. जाड तळही टणक असू शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे टाच व चवडा यांच्या उंचीतील फरक. टाचेखाली 32 आणि चवड्याखाली 24 मिलिमीटर थर असेल, तर हा फरक 8 मिलिमीटरचा. तो कमी झाला, की पोटरी व टाचेमागील शिरेवर अधिक ताण येतो. पूर्वीच्या बुटांपेक्षा एकदम वेगळा जोड घातल्यास पाय दुखतात, त्याचे एक कारण हेच.

ज्येष्ठांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. जमिनीची जाणीव तळपायातून मेंदूला होते आणि त्यावर तोल सावरला जातो. मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी 1992 मध्ये वयस्कर पुरुषांना अरुंद पट्टीवरून चालवून पाहिले. जाड व मऊ तळाच्या बुटांत त्यांचा तोल अधिक वेळा गेला, तर पातळ व टणक तळावर तो स्थिर राहिला. वडिलांच्या गुडघ्यांसाठी घेतलेला जोडच त्यांच्या पडण्याचे कारण ठरू नये.

म्हणून अनवाणी धावावे, असेही नाही. विहार करणाऱ्या साधु-साध्वींची पावले वर्षानुवर्षांच्या चालण्याने घडलेली असतात. गादीवर बसणाऱ्याने त्यांची बरोबरी एका आठवड्यात करू नये. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल, तर खडा टोचलेलाही कळत नाही. अशा व्यक्तीने डॉक्टरांना विचारूनच बूट निवडावेत.

खरेदी सायंकाळी करावी, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतात. नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांत बूट घेऊन दुकानात चालून पाहावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. एका पायावर उभे राहावे. घोटा डगमगत असेल, तर तो जोड आपला नव्हे. सिमेंटच्या रस्त्यावर मध्यम जाडीचा तळ बहुतेकांना पुरतो. धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या खाचखळग्यांच्या वाटेवर तळ बसका व रुंद असलेला बरा. नवा जोड पहिले काही दिवस थोड्या अंतरासाठीच वापरावा. आपल्या घरांत चामडे वर्ज्य असल्याने वरच्या भागावर साबराची पट्टी नाही ना, हेही विचारून घ्यावे.

धानाचा व्यापारी पोत्याचा आकार पाहून भाव ठरवीत नाही. पोत्यात सळई घालून नमुना काढतो व दाणा तळहातावर पारखतो. घरच्या ज्येष्ठांसाठी बूट घेताना त्यांनाच दुकानात सोबत न्यावे आणि पारख त्यांच्या पायांना करू द्यावी.