पसारा आवरायचा म्हणून खरेदी?

मंडळी, इथे अमेरिकेत 'टाकाऊतून टिकाऊ'सुद्धा विकत मिळतं! लोणच्याची रिकामी बरणी कचऱ्यात जाते आणि तसल्याच दिसणाऱ्या डझनभर कोऱ्या बरण्या डाळी भरायला घरी येतात. डॅलसमध्ये १९७८ साली निव्वळ डबे-खोकी विकणारं 'कंटेनर स्टोअर' निघालं, देशभर पसरलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. मारी कोंडोबाईंनी जानेवारी २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर पसारा कमी करायला शिकवलं आणि त्याच नोव्हेंबरात वस्तू विकायचं ऑनलाइन दुकान उघडलं. घ्या!

हे इथेच राहिलं असतं तर बोललो नसतो. पण आता तिकडच्या स्वयंपाकघरांतही एकसारख्या पारदर्शक डब्यांच्या रांगा, आणि आईने जपलेले बोर्नव्हिटाचे डबे भंगारात! अहो, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या घरांना पुनर्वापर कोणी शिकवायचा?

इंजिनिअर म्हणून सांगतो, डब्याचं काम ओल आणि किडे बाहेर ठेवणं. झाकण घट्ट बसतंय ना? मग डबा पास! आत काय आहे ते कळत नसेल तर कागदाची पट्टी चिकटवा. अंधारात हात घातला तरी मोहरी सापडते, ती खरी व्यवस्था. बाकी सगळी फोटोची हौस.