भयाचा बाजार

१९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या पुच्छात विषारी वायू असल्याचे कळताच अमेरिकेत 'धूमकेतू-प्रतिबंधक' गोळ्या विकल्या गेल्या. पृथ्वीला काहीच झाले नाही. भोळ्यांचे खिसे तेवढे रिकामे झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच बाजार पुन्हा भरला. '२०२४ वायआर ४' हा लघुग्रह २०३२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्के वर्तविली जाताच प्रलयाचे मथळे झळकले. काही दिवसांतच वेधशाळांच्या नव्या निरीक्षणांनी ती भीती निराधार ठरविली. हे अभय दिले ते जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विज्ञानाने, मथळ्यांनी नव्हे. आणि त्याच वर्षी अमेरिकी सरकारने नासाच्या विज्ञाननिधीत जवळजवळ निम्मी कपात सुचविली! जनतेला भ्यायचेच असेल, तर तिने आकाशातील दगडांपेक्षा ज्ञानावर पडणाऱ्या अशा कुऱ्हाडींना भ्यावे. आणि नुसते भिऊन न थांबता त्या रोखाव्यात.