सीसी मोजणाऱ्यांनो, आधी मांड्या झाका

ऑफ-रोडिंगच्या मंडळींत सध्या गाडीत चेन सॉ, म्हणजे साखळीचा कटर, ठेवायची टूम निघाली आहे. गरज खरी आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडचे रस्ते झाडांनी अडले होते, आणि गावोगावच्या माणसांनी कोयते, कुऱ्हाडी, कटर घेऊन ते मोकळे केले. ताम्हिणीत, वरंध्यात, आंबोलीत दर पावसाळ्यात झाडं आडवी होतात. तेव्हा गाडीत कटर असावा की नसावा, हा माझा वाद नाही. तो ज्या अकलेने निवडला जातो, तिच्याशी माझं भांडण आहे.

पहिला प्रश्न असतो, “किती सीसी?” मग ५८ सीसीचं, २२ इंची बारचं (बार म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी), ऑनलाइन स्वस्तात मिळणारं धूड घरी येतं. बार आणि इंधन धरून त्याचं वजन सात किलोच्या आसपास जातं. हेल्मेट, चॅप्स (मांड्या झाकणारं संरक्षक आवरण) घेतले का, असं विचारलं की उत्तर मिळतं, “दोन फांद्या तर कापायच्यात!” अशा माणसाच्या हातात हे यंत्र देणं हा गुन्हा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटात मी हे पाहिलं आहे. एक गडी पायात सँडल, अंगात हाफ पँट अशा थाटात उभा. कटर एका हातात लोंबकळता धरून दुसऱ्या हाताने दोरी खेचतोय. पानांच्या ढिगात बार घुसवला, टोक आतल्या एका न दिसणाऱ्या फांदीला टेकलं, आणि बार उसळून त्याच्या कपाळासमोर आला. चेन ब्रेक लागला म्हणून तो वाचला. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की किकबॅक बसतो. साखळी सेकंदाला वीसेक मीटर वेगाने पळत असते; हात आवरायला वेळच मिळत नाही. लांब बार म्हणजे नजरेपासून लांब गेलेलं टोक. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे आहे, आणि ते मांडीतून वसूल होतं.

गाडीत ठेवायला ३० ते ३५ सीसीचा, १४ इंची बारचा कटर पुरतो. दोन्ही बाजूंनी कापलं तर १४ इंची बार दोन फुटी खोडही तोडतो. शिवाय तुम्हाला वखार उघडायची नाही, गाडीपुरती वाट करायची आहे. एक तुकडा सुटा करा आणि विंचने बाजूला ओढा. वजन कमी असलं की हात थकत नाही. थकलेला हात चुकतो.

पेट्रोलवाल्यांनी आणखी एक ऐकावं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने सडू दिलं की ऐन वेळी कार्ब्युरेटर दगा देतो. बंद केबिनमध्ये त्या कॅनची वाफ पोराबाळांच्या नाकात जाते, ते वेगळंच. वर्षातून चार वेळा लागणार असेल, तर ३६ व्होल्टचा बॅटरीवाला घ्या. बटण दाबलं की चालू. फक्त बॅटरी चार्ज ठेवा आणि तापल्या गाडीत टाकून जाऊ नका.

तरी यंत्र हा अर्धाच खर्च. जाळीचं हेल्मेट, कानांचे मफ, बूट आणि चॅप्स यांचे पैसे आधी बाजूला काढा. चॅप्सच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की ते धागे स्प्रॉकेटमध्ये गुंतून ती थांबवतात. त्याबरोबर शिक्षण हवं. दोन्ही टोकांना टेकलेलं खोड वरून दाबलेलं आणि खालून ताणलेलं असतं. आधी वरून एक तृतीयांश कापायचं, मग खालून वर यायचं. उलटं केलंत की बार अडकतो, नाहीतर खोड अंगावर येतं. उतारावर नेहमी वरच्या अंगाला उभं राहायचं. फांद्यांत विजेची तार दिसली, तर हात लावायचाच नाही. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं.

आणि सगळ्यात संतापजनक प्रकार म्हणजे आडवं झाड कापायला आणलेल्या कटरने उभी झाडं पाडून नवी वाट काढणारे आणि शेकोटीसाठी फांद्या छाटणारे. राखीव जंगलात हा १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. तिथे पडलेलं लाकूडही तुमचं नव्हे. वनरक्षकाला कळवा, परवानगी मिळाली तर वाटेपुरतं कापा, ओंडके कडेला लावा, घरी नेऊ नका. जंगलाच्या जिवावर साहस मिरवणाऱ्यांना मी जंगलप्रेमी मानत नाही.

प्रत्येक क्लबने एक नियम करावा: ज्याच्याकडे चॅप्स, हेल्मेट आणि शिकलेला हात नाही, त्याचा कटर गाडीतून उतरणार नाही, मग तो क्लबचा अध्यक्ष का असेना. ज्यांना एवढं झेपत नाही, त्यांनी चांगली घडीची करवत आणि ओढपट्टा ठेवावा. रस्ता उशिरा मोकळा होईल, पण माणूस धडधाकट घरी जाईल.