कपाटातल्या कार्डांचं काय करायचं?

कॉलेज बालाघाटला केलं तरी पहिली नोकरी आपल्यातल्या अनेकांना नागपूर, नाहीतर पुण्याला नेते. पहिला पगार जमा होतो आणि मागोमाग फोन येतो, ‘लाइफटाइम फ्री कार्ड आहे, घेऊन टाका.’ एक घेतलं जातं, दुसरं खरेदीवरच्या सवलतीसाठी, तिसरं मित्राच्या आग्रहाखातर. वापरात राहतं एकच, बाकीची कपाटात. मग दिवाळीला घरी आलं की वाद ठरलेला. आई-बाबा म्हणतात, ‘उद्याच बंद कर, उधारी ती उधारीच.’ मित्र म्हणतात, ‘वेडा आहेस का? सिबिल स्कोअर पडेल!’

मला वाटतं, दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत.

मित्रांची भीती उगाच नाही. समजा तीन कार्डांची मर्यादा मिळून एक लाख आहे आणि महिन्याचा खर्च वीस हजार. म्हणजे वापर झाला २० टक्के. त्यातलं पन्नास हजारांचं कार्ड बंद केलं, की तोच खर्च ४० टक्के दिसतो. हा आकडा साधारण ३० टक्क्यांच्या आत असावा असं सांगतात. ३०० ते ९०० मधला तो स्कोअर पुढे घराच्या कर्जाच्या वेळी बघितला जातो, हेही खरं.

पण म्हणून सगळीच कार्डं सांभाळत बसायचं का? ज्याची वार्षिक फी आहे, ते कपाटातही खर्च करतंच. फी लागली, बिल जुन्या ईमेलवर गेलं, पैसे थकले, की ज्या स्कोअरसाठी कार्ड ठेवलं तोच बिघडतो. आणि ‘राहू दे पडून’ हा निर्णय नव्हेच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वर्षापेक्षा जास्त काळ न वापरलेलं कार्ड, ग्राहकाला कळवून आणि ३० दिवस उत्तराची वाट पाहून, बँकच बंद करू शकते. मग ठरवायचं ते आपणच का ठरवू नये?

माझा हिशेब सोपा आहे. सगळ्यात जुनं, बिनफीचं कार्ड ठेवावं. त्यावर मोबाइलचा रिचार्ज वगैरे करावा आणि बिल पूर्ण भरावं. फीवालं, किंवा हातात आलं की खर्चाचा मोह होतो असं कार्ड बंद करावं, स्कोअर थोडा हलला तरी. कर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर तेवढे महिने थांबावं. बंद करताना आधी बाकी शून्य करायची आणि अर्ज लेखी द्यायचा. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायलाच हवं. उशीर झाला तर ग्राहकाला रोजचे ५०० रुपये द्यावे लागतात. हे कुणी फोन करून सांगत नाही. नंतर क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘बंद’ अशी नोंद झाली का, तेही बघायचं. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

आपण साहित्याचे विद्यार्थी, म्हणून शेवटी एक शब्द. ‘क्रेडिट’ आणि आपल्या मिस्सातला ‘क्रेदो’ एकाच लॅटिन धातूतून आले आहेत. अर्थ, विश्वास ठेवणे. मराठीत आपण त्याला ‘पत’ म्हणतो. पत कार्डांच्या संख्येवर ठरत नाही. घेतलेलं वेळेवर परत करतो का, यावर ठरते. किराणा दुकानाच्या वहीत हे आपल्या आजोबांना कळत होतंच की!