डांसांचें माहेरघर

पावसाळा सुरू झाला कीं नालासोपाऱ्यास दोन गोष्टी ठरल्याप्रमाणें येतात: रुळांवर पाणी आणि घरोघर ताप. पहिल्या गोष्टीचा बोभाटा सर्वत्र होतो. गाड्या बंद पडल्या म्हणजे मुंबईच्या कचेऱ्या ओस पडतात, हें जुलै 2018 मध्यें सर्वांनीं पाहिलेंच आहे. दुसरी गोष्ट मात्र मुकाट्यानें येते. ती रोजगार बुडविते, मुलांची शाळा बुडविते, प्रसंगीं घरांतील माणूसही नेते. आणि लोक तिला दैवाचा फेरा समजून स्वस्थ बसतात. हा दैवाचा फेरा नसून सांचलेल्या पाण्याचा हिशेब आहे, व तो ज्याचा त्यानें मांडण्याजोगा आहे, हें दाखविण्याचा आज आमचा हेतु आहे.

डांस घाणींतून येतात ही समजूत अर्धीच खरी आहे. क्युलेक्स जातीचा डांस तुंबलेल्या गटारांत वाढतो, व त्याच्यापासून हत्तीरोगाचें भय असतें. परंतु डेंग्यू व चिकुनगुनिया पसरविणारी एडिस जातीची मादी स्वच्छ पाणीच पसंत करते. आणि शहरी हिवतापाची वाहक अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्सी ही विहिरी, गच्चीवरील उघड्या टाक्या व बांधकामावर सांठविलेलें पाणी यांचा आश्रय घेते. म्हणजे ज्या गृहस्थाच्या घरीं घाणीचा मागमूस नाहीं, त्याच्याच घरीं कुंडीखालच्या बशींत, शीतकपाटामागच्या तबकांत किंवा शोभेच्या वेलीच्या बाटलींत शत्रूचें माहेरघर असूं शकतें. एडिसची मादी आपलीं अंडीं पाण्याच्या पातळीच्या किंचित् वर, भांड्याच्या कडेस चिकटविते. पाणी आटलें तरी तीं महिनेच्या महिने टिकतात व पुन्हां पाणी पडतांच फुटतात. म्हणून पाणी नुसतें ओतून भागत नाहीं. भांडें घांसलें पाहिजे. अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं कोरडीं करावीं, या सांगण्याचें मूळ या हिशेबांत आहे. तो कोणा अधिकाऱ्याचा लहरी हुकूम नव्हे. शिवाय ही मादी दिवसाढवळ्या चावते, व कांहीं शें मीटरांपलीकडे सहसा जात नाहीं. तेव्हां जिनें आपल्या मुलास दंश केला, ती बहुधा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या घरीं जन्मास आलेली असते.

पण पाणी सांठवूं नका असा उपदेश करणें सोपें आहे. तो पाळणें येथील गृहिणीस सोपें नाहीं. 2009 मध्यें चार नगरपरिषदा व अनेक गांवें एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. पेल्हार, उसगांव व सूर्या यांच्या पाण्यावर हा पसारा चालतो. ज्या वस्तींत नळ ठराविक वेळींच येतो किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथें पिंपें भरून ठेवणें हा आळस नसून दूरदर्शीपणा आहे. पूर्वीं वसईच्या वाड्यांतून बावखलें असत; त्यांतील मासे व बेडूक डांसांच्या अळ्यांचा समाचार घेत. आम्हीं बावखलें बुजविलीं आणि पिंपें भरलीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, ज्यानें त्यानें आपलें पिंप घट्ट झांकावें, आणि पालिकेनें पाणी इतकें नियमित द्यावें कीं पिंपाची गरजच कमी व्हावी.

येथें कोणी म्हणतील, हें सर्व पालिकेचें काम. कर आम्ही कशासाठीं देतों? प्रश्न रास्त आहे. रोगप्रसार थांबविणें हें कायद्यानें महानगरपालिकेवर सोंपविलेलें बंधनकारक कर्तव्य आहे. 1980 मध्यें रतलाम नगरपालिकेच्या खटल्यांत, उघडीं गटारें व डांस यांनीं त्रासलेल्या नागरिकांच्या बाजूनें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, आणि पैसा नाहीं ही सबब अशा कर्तव्यांतून सुटण्यास पुरत नाहीं असें ठरविलें. नालासोपाऱ्याच्या पूर्वेस सांडपाणी-प्रक्रिया व कचरा यांसाठीं राखीव जागेवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. 2024-25 मध्यें उच्च न्यायालयाच्या आदेशानें त्या पाडाव्या लागल्या व शेंकडों कुटुंबें उघड्यावर आलीं. त्या उभ्या राहत असतां ज्यांनीं डोळे मिटले, त्यांस जाब विचारण्याचा नागरिकांस पूर्ण हक्क आहे. धुराचें यंत्र गल्लींतून फिरविलें म्हणजे कर्तव्य संपलें, असेंही कोणीं समजूं नये. धुरानें उडते डांस मरतात. पाण्यांतील अळ्या सुखरूप राहतात.

परंतु कायद्याची दुसरी बाजूही आहे. जीवितास धोकादायक रोग पसरेल असें कृत्य हयगयीनें करणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 271 प्रमाणें अपराध आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड सांगितला आहे. हक्क मागतांना आपल्या गच्चीवरील टाकीचें झांकण तुटलेलें असेल, तर तो हक्क लुळा पडतो.

मुंबईनें हा वाद शंभर वर्षांपूर्वींच अनुभवला. 1911 सालीं डॉ. बेंटली यांनीं तेथील हिवतापाची चौकशी करून उघड्या विहिरींकडे बोट दाखविलें. विहिरी झांकण्याची गोष्ट निघतांच धर्मावर घाला आला अशी ओरड झाली. धर्म विहिरीच्या झांकणानें बुडत नाहीं. माणसें मात्र झांकणावांचून मरतात. आजही पक्ष्यांसाठीं भूतदयेनें ठेवलेलें भांडें आठ-आठ दिवस बदललें नाहीं, तर त्या पुण्यांतून शेजाऱ्याचा ताप निपजतो. हवाना शहरांत 1901 मध्यें घरोघर पाण्याची तपासणी करून व हयगय करणारांस दंड करून पीतज्वराचें उच्चाटन झालें. पण तेथें अंमल परक्या लष्कराचा होता. जें परक्यांच्या धाकानें होऊं शकलें, तें स्वतंत्र देशाच्या नागरिकांकडून आपखुषीनें होऊं नये काय?

आमच्या राष्ट्रास हें अशक्य नाहीं. 1947 च्या सुमारास देशांत दरसाल साडेसात कोटि लोकांस हिवताप होई. 1953 पासूनच्या मोहिमेनें तो आकडा 1965 पर्यंत एक लाखाच्या घरांत आला. पुढें दक्षता ढिली झाली, डांस औषधांस दाद देईनासे झाले, आणि 1976 मध्यें रोगी 64 लाखांवर गेले.

व्यापारीवर्गास आमची विशेष विनंति आहे. टायरचे दुकानदार, भंगारवाले व इमारती बांधणारे यांच्या आवारांतील पाण्यांत साऱ्या मोहल्ल्याचा ताप जन्मतो. त्यांनीं माल छपराखालीं ठेवावा व टाक्या झांकाव्या. गृहसंस्थांनीं आठवड्याचा एक वार नेमून, पुरुषांनींही हात लावून, भांडीं घांसावीं. हें ओझें एकट्या स्त्रियांवर टाकूं नये. पालिकेनें प्रभागवार तापाचे आकडे दर आठवड्यास चव्हाट्यावर लावावे. आणि ताप येतांच रक्त तपासून घ्यावें. डेंग्यूचा संशय असतां अ‍ॅस्पिरिनसारखीं औषधें आपल्या मनानें घेऊं नयेत, त्यांनीं रक्तस्राव वाढतो. पुढच्या रविवारीं ज्याच्या घरीं पिंप आहे, त्यानें आधीं त्याच्या तळाशीं पाहावें. पालिकेच्या दारीं जाब विचारण्यास त्यानंतर अवश्य जावें.